स्ट्रेचरचं पायाकडचं टोक: अंत्यविधी सेवेत पहिली नोकरी

या व्यवसायात शिरू पाहणारे बरेचजण नको त्या दारावर थाप मारतात. कुणाला मृतदेहावर रसायनांची प्रक्रिया करणारा तंत्रज्ञ व्हायचं असतं, कुणाला घरच्यांसमोर बसून सगळा विधी आखून देणारा व्यवस्थापक. या दोन्ही जागा नवख्याला मिळत नाहीत. त्याच्या हाती येतं ते स्ट्रेचरचं पायाकडचं टोक. फोन आला की दोघांनी गाडी काढायची, मृतदेह ताब्यात घ्यायचा, शवागारात आणून ठेवायचा, नोंदवहीत चढवायचा, गाडी आतून धुवायची. मग पुन्हा फोनची वाट बघायची. मालकाला माणूस हवा असतो तो या कामासाठी. त्यामुळे अर्जात ‘मला मृत्यू या विषयाचं कुतूहल आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘वाहन परवाना आहे, रात्री-अपरात्री येऊ शकतो, उचलायचं काम केलेलं आहे’ एवढ्या ओळीनं दार लवकर उघडतं.

आधी जागा कुठे असतात ते बघू. ‘अंत्यविधी’ एवढाच शब्द टाकून शोधलं तर जाहिराती फारशा सापडत नाहीत, कारण कामाची नावं वेगळी असतात: शववाहिका चालक, शवागार मदतनीस, मृतदेह ने-आण सहायक, दाहिनी ऑपरेटर, दफनभूमीतला खोदकाम आणि बागकाम कामगार, कार्यालयात फोन घेणारा कारकून. यातली मला सगळ्यात सोपी वाटणारी वाट लोकांच्या लक्षातच येत नाही. अनेक लहान फर्म रात्रीची ने-आण स्वतः करत नाहीत, ठेकेदाराकडून करून घेतात. या ठेकेदाराची पाटी रस्त्यावर दिसत नाही, पण त्याच्याकडे माणसं टिकत नाहीत म्हणून भरती सतत चालू असते. तिथे वर्षभर काढलं की शहरातल्या प्रत्येक फर्मचा मागचा दरवाजा आणि तिथली माणसं ओळखीची होतात, आणि पुढची नोकरी बहुधा त्या मागच्या दारातूनच येते. दुसरी आडवाट म्हणजे मोठ्या रुग्णालयातलं शवागार. तिथे वॉर्डबॉय म्हणून लागून बदली मागता येते.

फर्म बहुतेक घरच्या असतात, एका कुटुंबानं दोन-तीन पिढ्या चालवलेल्या. मनुष्यबळ विभाग वगैरे काही नसतं. अर्ज ईमेलनं टाकलात तर तो कुणी उघडेलच असं नाही. आधी फोन करायचा, भेटायला कधी येऊ ते विचारायचं आणि प्रत्यक्ष जायचं. दारात गाड्या उभ्या असतील, फुलं उतरत असतील तर आत पाऊल टाकू नका, परत फिरा. त्या दिवशी मालकाला तुम्ही अडथळा वाटाल, आणि तोच ठसा राहील. कपडे अंत्यविधीला जाताना घालाल तसे: गडद, साधे, इस्त्रीचे. बूट पुसलेले. अत्तर नको. दुःखात असलेल्या माणसाच्या डोक्यात वास घट्ट बसतो, आणि उग्र सुगंधाचा माणूस घरात आणायला कुठलीही फर्म तयार नसते.

बायोडेटा एका पानाचा पुरे. पहिल्या तीन ओळींत तीन गोष्टी याव्यात: परवाना कुठल्या वाहनाचा आणि त्यावर दंड-अपघाताची नोंद आहे का, वजन उचलण्याचं काम कुठे केलं, आणि कुठल्या वेळा उपलब्ध आहात. रुग्णवाहिका, वृद्धाश्रम, रुग्णालयातली शुश्रूषा, फर्निचर हलवण्याचं काम यातलं काहीही चालतं. वृद्धाश्रमात काम केलेल्या माणसाला तर जवळजवळ लगेच घेतात, कारण अंथरुणावरच्या माणसाला न ओढता कुशीवर कसं वळवायचं हे त्याला शिकवावं लागत नाही. हॉटेलच्या स्वागतकक्षात काढलेली वर्षंही कमी समजू नका. समोरचा ओरडत असताना आवाज न चढवणं ही इथली मोठी पात्रता आहे. पूर्णवेळ जागा नसेल तर बदलीवर ठेवा म्हणून सांगा, आणि महिना-दीड महिन्यानं एकदा फोन करा. जागा निघते ती अचानक: कुणाची पाठ जाते, कुणी सलग चार रात्रींनंतर येणं बंद करतं. त्या आठवड्यात ज्याचा फोन आलेला असतो त्याचं काम होतं.

मुलाखतीत एकच प्रश्न नक्की येतो: हेच काम का? मृतदेहाची भीती वाटत नाही, हे उत्तर नको. भीती नसणं ही किमान अट आहे, गुण नव्हे. गुन्ह्यांच्या मालिका आवडतात, हे तर मुळीच नको. घरात नुकतंच कुणी गेलं आणि त्या लोकांनी आमचं फार नीट केलं म्हणून यावंसं वाटलं, हे खरं असलं तरी मालक थबकतो. तुमचं दुःख निवलेलं आहे की नाही, हे त्याला बघावं लागतं. कित्येक जण अशा उमेदवाराला वर्षभरानं ये म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. साधं उत्तर द्या: स्थिर काम हवं आहे, हातानं करायचं काम आवडतं, लोकांशी नीट बोलता येतं, रात्री जागायला हरकत नाही. त्यानंतर बहुधा शीतगृह दाखवतात. ती खरी परीक्षा. तिथे तुमच्या चेहऱ्यापेक्षा हातांकडे लक्ष असतं. फोन बाहेर काढला, की संपलं.

शिक्षणाचं देशागणिक वेगळं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मृतदेहावर रसायन-प्रक्रिया करायला किंवा व्यवस्थापक म्हणून सही करायला परवाना लागतो, त्यासाठी अभ्यासक्रम, उमेदवारी आणि परीक्षा असते. ब्रिटनमध्ये व्यवस्थापक व्हायला असा परवाना आजवर लागलेला नाही. स्ट्रेचर धरायला, गाडी चालवायला, फोन घ्यायला मात्र बहुतेक ठिकाणी पदवी लागत नाही. म्हणून आधी पैसे भरून अभ्यासक्रमाला बसू नका. सहा महिने काम करा, जमतंय असं वाटलं तर मग प्रवेश घ्या. अनेक फर्म टिकलेल्या माणसाची फी स्वतः भरतात.

आता प्रत्यक्ष काम. घरी मृत्यू झालाय, फोन आलाय. निघण्यापूर्वी गाडीत काय काय आहे ते बघायचं: स्ट्रेचर आणि त्याचे दोन्ही पट्टे, सरकवायची फळी, दोन धुतलेल्या चादरी, बॉडी बॅग, शोषक पॅड, डोक्याखाली ठेवायचा ठोकळा, दोन मापांचे हातमोजे, मास्क, नावाचे टॅग, न पुसणाऱ्या शाईचं पेन, फॉर्म, टॉर्च. पेन आणि टॉर्च या दोन वस्तू हमखास विसरतात.

घरात पहिल्यांदा शिरताना स्ट्रेचर न्यायचा नाही. दोघांनी रिकाम्या हातानं जायचं. एकानं घरच्यांशी बोलायचं, दुसऱ्यानं वाट बघायची: दाराची रुंदी, बोळातलं वळण, जिना, पायात येणारी सतरंजी, घरातला कुत्रा. डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं सांगितलं आहे का, हे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पोलिसांचं प्रकरण असेल तर त्यांची परवानगी मिळेपर्यंत चादरसुद्धा सरकवायची नाही. मग पूर्ण नाव घरच्यांकडून विचारून घ्यायचं, स्पेलिंगसकट, आणि टॅग तिथेच, हलवण्याआधी घोट्याला बांधायचा. गाडीत बांधू, शवागारात बांधू असं म्हणायची सोय नाही.

दागिने घरच्यांनी काढून घेतले तर उत्तम. अंगावर राहणार असतील तर यादी करून सही घ्यायची. यादीत ‘सोन्याची अंगठी’ असं लिहायचं नाही. ‘पिवळ्या धातूची अंगठी, लाल खडा, डाव्या हाताची अनामिका’ असं लिहायचं. तुम्ही सोनार नाही. सोनं लिहिलंत आणि ती पितळेची निघाली तर खरी अंगठी कुठे गेली याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. कवळी आहे का, हेही विचारा आणि ती डबीतून बरोबर घ्या. हा प्रश्न नवखे लाजून टाळतात. पुढे चेहऱ्याची ठेवण करताना कवळी नसली की गाल बसतात, घरच्यांना आपलं माणूस ओळखू येत नाही. आणि जबडा ताठल्यावर ती बसवणं फार कठीण जातं. ताठरता साधारण २ ते ४ तासांत जबडा, मान अशा ठिकाणी जाणवू लागते, १२ तासांच्या आसपास सगळं अंग ताठतं, आणि दीड-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं. उकाड्यात हे सगळं लवकर होतं, थंडीत उशिरा. ताठलेला हात नवख्यानं जोर लावून सरळ करायचा नसतो. ते जुन्या माणसाचं काम.

मृतदेह कुशीवर वळवताना छातीतली हवा बाहेर पडते आणि कण्हल्यासारखा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणारा हमखास दचकतो, हातातली चादर सुटते. घरचे खोलीत असतील तर त्यांना आपलं माणूस जिवंत असल्यासारखं वाटतं, आणि मग तो प्रसंग सावरायला अर्धा तास जातो. म्हणून वळवण्याआधी त्यांना ‘दोन मिनिटं बाहेर थांबता का?’ असं विचारायचं. कुणी थांबणारच म्हटलं तर आवाज येऊ शकतो हे आधी सांगून ठेवायचं. तोंडावर दुमडलेलं कापड ठेवायचं. हवेबरोबर पोटातला द्रवही येतो, शिवाय क्षयरोगी असेल तर त्या हवेतून जंतू येऊ शकतात, तेव्हा तुमच्या तोंडावर मास्क हवाच.

डोक्याखालचा ठोकळा ही बारीकशी गोष्ट वाटते, पण ती ज्याला कळली तो माणूस तयार झाला. हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला उतरू लागतं. तासाभरात त्वचेवर जांभळट डाग दिसू लागतात आणि ८ ते १२ तासांत ते पक्के होतात. डोकं छातीपेक्षा खाली किंवा एका बाजूला कललेलं राहिलं तर डाग गालावर, कानावर येतो. एकदा पक्का झाला की रंगरंगोटीनं झाकावा लागतो, जात नाही. म्हणून मान सरळ, डोकं छातीच्या वर. गाडीत ठेवल्यावर एकदा, शीतगृहात ठेवल्यावर पुन्हा एकदा बघायचं, कारण वळणावर ठोकळा सरकतो.

जिन्यात वजनाचा हिशोब उलटा होतो. सपाट जमिनीवर डोक्याकडची बाजू जड, म्हणून ती अनुभवी माणूस धरतो आणि नवख्याला पाय मिळतात. उतरताना मात्र पाय पुढे असतात, खालच्या टोकावर भार येतो आणि तिथे नेमका नवखा असतो. तेव्हा जिन्याच्या तोंडाशी थांबून जागा बदलायची. लाज वाटून घेऊ नका, स्वतःहून सांगा. पाऊल मोजून, वरच्यानं तोंडानं सांगत उतरायचं: थांब, एक, थांब. या व्यवसायातल्या बहुतेक पाठी जिन्यात गेलेल्या असतात. मृतदेह बोजड किंवा जिना अरुंद असेल तर आणखी दोन माणसं मागवायची. एकटाच जाऊन ये असं सांगणारी फर्म असेल तर पगार कितीही चांगला असो, ती सोडा.

निघताना बॅगेची चेन चेहऱ्यावरून ओढायच्या आधी थांबा, घरच्यांकडे बघा. कुणाला आणखी एकदा बघायचं असतं. अंथरूण मोकळं, चुरगळलेलं टाकून जायचं नाही, चादर सारखी करायची. वापरलेले हातमोजे आपल्या पिशवीत घालून न्यायचे, घरच्यांच्या कचऱ्याच्या डब्यात नाही. त्यांच्यासमोर ‘बॉडी’ हा शब्द वापरायचा नाही. आजोबा, ताई, किंवा नाव घेऊन बोलायचं. गाडीत बसल्यावरसुद्धा लगेच हसायचं-बोलायचं नाही. खिडकीत कुणीतरी उभं असतं.

शवागारात शीतगृहाचं तापमान साधारण २ ते ४ अंश सेल्सिअस असतं. आत ठेवताना नोंदवहीत नाव, तारीख, वेळ, कुठून आणलं, कप्पा क्रमांक, दागिन्यांची यादी, आणणाऱ्या दोघांच्या सह्या. या व्यवसायात इतर चुका निस्तरता येतात. गाडीला उशीर होतो, फुलं चुकतात, माफी मागता येते. चुकीचा मृतदेह चुकीच्या कुटुंबाला दिला, आणि तो दहनाला गेला, की मग मागे येण्याचा रस्ता नाही. हे होतं कसं? क्वचितच निष्काळजी माणसाकडून. एकाच आडनावाचे दोघे एकाच आठवड्यात येतात. एकाच रुग्णालयातून एका फेरीत दोघांना आणलं जातं. कप्प्याच्या दारावरची चिठ्ठी जुनी राहून जाते, कारण मधल्या वेळात कुणीतरी जागा मिळावी म्हणून ट्रे बदललेला असतो. मग घाईत असलेला माणूस दार वाचतो आणि बॅग उघडत नाही. म्हणून टॅग वाचायचा तो अंगावरचा. दारावरचा नाही, बॅगेवरचा नाही. बॅग उघडायची, एकानं घोट्यावरचा टॅग मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं कागद, मग सही. रोज एकाच माणसाबरोबर काम करताना हे नाटकी वाटू लागतं, आणि वाटू लागलं की चूक जवळ आली म्हणून समजा. नोकरी बघायला गेलात की ही पद्धत तिथे आहे का, ते नजरेनं टिपून घ्या. फर्म कशी आहे ते तेवढ्यावरून कळतं.

गॅसच्या किंवा विजेच्या दाहिनीवर लागलात तर काम वेगळं. भट्टीचं तापमान साधारण ७६० ते १,००० अंश, एका दहनाला दीड ते दोन तास, मागे प्रौढाची राख २ ते ३ किलोच्या आसपास. आत पाठवण्याआधी कागदावर एक गोष्ट पाहायचीच: पेसमेकर आहे का, आणि असेल तर तो काढलाय का. त्यातली बॅटरी उष्णतेनं फुटते आणि भट्टीच्या विटांना तडे जातात. स्थूल देह सकाळी पहिल्या फेरीत घेतात. दिवसभर तापलेल्या भट्टीत चरबी एकदम पेट घेते, धूर अनावर होतो, आणि आग हाताबाहेर जाऊ शकते. दहनानंतर सांध्यातले धातूचे भाग, खिळे चुंबकानं किंवा हातानं वेचतात, हाडं दळण्याच्या यंत्रातून काढतात. धातूची क्रमांकाची चकती देहाबरोबर भट्टीत जाते आणि राखेबरोबर बाहेर येते, म्हणजे ओळख शेवटपर्यंत तुटत नाही. दोन फेऱ्यांमध्ये भट्टी पूर्ण झाडून घ्यायची. कंटाळवाणं काम आहे, आणि ते झाडणंच तुमच्या वाट्याला येईल.

दफनभूमीत खणायचं काम आता बरंचसं यंत्रावर होतं, तरी कडा हातानंच सारख्या कराव्या लागतात. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. पावसानंतरच्या खड्ड्यात आधारफळ्या लावल्याशिवाय उतरणारा माणूस शूर नसतो.

स्वतःच्या तब्येतीचं बघा. हेपॅटायटिस बीची लस, नेहमीच्या क्रमानं ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस. नोकरी शोधायला लागलात त्याच दिवशी पहिला घ्या. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात आठवडाभर तग धरतो, म्हणून ‘वाळलंय, काही होत नाही’ हे ऐकून घेऊ नका. सुईला टोपण परत लावायचं नाही, तशीच डब्यात टाकायची. फॉर्मल्डिहाइड, म्हणजे मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन, त्याच्या खोलीत मदतनीस म्हणून उभं केलं तर आधी हवा खेचणारा पंखा चालू आहे का बघा. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं हे रसायन माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.७५ भाग अशी आहे. डोळे चुरचुरू लागले की सवय होईल म्हणून थांबायचं नसतं, बाहेर यायचं असतं. वासासाठी नाकाखाली बाम लावायची युक्ती नवखे आणतात आणि जुने हात हसतात, कारण त्यानं नाक उलट मोकळं होतं. तोंडानं श्वास घ्या आणि हात चालू ठेवा, दहा मिनिटांत वास बोथट होतो.

मनाचं म्हणाल तर वय झालेल्या माणसांची सवय बऱ्याच जणांना लवकर होते. लहान मूल असेल तेव्हा कुणाची होत नाही, आणि ज्याची झाली असं तो सांगतो त्याच्यापासून जरा लांब राहा. पहिल्या सहा महिन्यांत मुलाच्या फेरीला मला पाठवू नका, असं आधीच सांगता येतं. चांगला मालक ते मान्य करतो.

होकार द्यायच्या आधी पैशाचं स्पष्ट करून घ्या. बोलावलं तरच पैसे, की फोनजवळ थांबण्याचेही? फेरीवर की तासावर? रात्री तीनला संपलं तर सकाळी आठला यायचं का? दिवसाची फेरी दोन तासांत संपते, रात्रीची कधी चार तास खाते, कारण रुग्णालयात सही करणारा सापडत नाही. फेरीवर पैसे ठरले असतील तर हे तास तुमचे फुकट जातात. गणवेश कोण देतं आणि कोण धुतं, हेही विचारा. तो घरच्या कपड्यांत मिसळून धुवायचा नसतो.

हे सगळं जुळलं तर पहिल्याच दिवशी गाडीत एक छोटी पिशवी ठेवून द्या. त्यात दुसरा शर्ट, दुसरे मोजे, साबण, बुटाचं पॉलिश, कोरडा खाऊ, चार्जर. दुसरा शर्ट पांढरा घेऊ नका.